ओसरी बंद करण्यापूर्वी

दिवाळी झाली, संत्र्याचा आंबिया बहार बाजारात उतरला, की आमच्या सावनेर भागात घराच्या डागडुजीचे दिवस सुरू होतात. पाऊस संपलेला असतो, ऊन सोसवतं, हाताशी थोडा पैसा आलेला असतो. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. या दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच: "साहेब, समोरची ओसरी बंद करून घ्यायची आहे. काच लावू, की फायबरचा पत्रा?"

विचारणाऱ्यांची कारणं खरी असतात. रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, धूळ थेट पाण्याच्या माठापर्यंत येते. पावसाची झड आत शिरते. संध्याकाळी डास बसू देत नाहीत. वानरांचा कळप आला की वाळत घातलेल्या कुरड्यांची वाट लागते. शिवाय घर वाढलेलं नसतं आणि माणसं वाढलेली असतात. मुलाचं लग्न ठरतं, नातवाला अभ्यासाला जागा लागते, म्हाताऱ्या वडिलांची खाट कुठं टाकायची हा प्रश्न येतो. आणि अलीकडे आणखी एक कारण आलं आहे. परदेशी गेलेला मुलगा किंवा भाचा तिथल्या घराचा फोटो मोबाइलवर पाठवतो. तीन बाजूंनी काच, वरही काच, आत कोवळं ऊन, वेताच्या खुर्च्या आणि कुंड्या. त्याला तिकडे सनरूम म्हणतात. आपल्याही घराला तशी खोली असावी, असं मग वाटू लागतं.

वाटण्यात काही गैर नाही. माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे. ओसरी जरूर बंद करा, पण मे महिन्यात ती पुन्हा पूर्ण उघडता आली पाहिजे अशा बेतानं बंद करा. असं का, ते आज जरा सविस्तर सांगतो.

संत्र्यांसाठी बांधलेलं घर

काचेची खोली ही मुळात थंड देशांची गरज आहे. युरोपातल्या श्रीमंतांना संत्र्या-लिंबाच्या झाडांची फार हौस होती. पण तिथल्या हिवाळ्यात ही झाडं मरून जात. म्हणून दक्षिणेकडे मोठमोठ्या खिडक्या असलेल्या खास इमारती बांधून हिवाळाभर झाडांच्या कुंड्या आत ठेवत. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात बांधलेली अशी इमारत आजही उभी आहे. अशा इमारतींचं नावच तिकडे संत्र्यावरून पडलं. पुढे इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी तर अख्खा काचेचा महाल उभा राहिला. हळूहळू झाडांसाठीची काचेची खोली माणसांच्या बैठकीची झाली.

आता आपली गोष्ट पाहा. सावनेर, काटोल, कळमेश्वर हा संत्र्याचा पट्टा. त्यांना ज्या झाडासाठी काचेचं घर बांधावं लागलं, ते झाड आपल्याकडे उघड्या रानात उभं असतं. आपल्याकडे ऊन आत आणण्याची अडचण कधी नव्हती. ऊन बाहेर ठेवणं हीच इथल्या घराची खरी परीक्षा आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४८ अंशांच्या आसपास पोचला होता. पंचेचाळीस अंश तर आता बातमीसुद्धा होत नाही.

काच नेमकं काय करते? उन्हातली किरणं ती सहज आत येऊ देते. आतली फरशी, भिंती, खाट तापतात. तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती वेगळ्या जातीची असते. तिला काच वाट देत नाही. त्यात तापलेली हवाही निघून जाऊ शकत नाही. उष्णतेला आत यायला दार मिळतं, बाहेर जायला मिळत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या एसटीत खिडक्या लावून बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

एक ढोबळ हिशेब मांडू. दहा फूट बाय दहा फूट ओसरीवर पारदर्शक छत टाकलं, तर ते सव्वानऊ चौरस मीटर होतं. मे महिन्यात भर दुपारी आपल्याकडे दर चौरस मीटरवर एक किलोवॅटच्या जवळपास ऊन पडतं. त्यातलं ऐंशी टक्के आत आलं, तरी सात किलोवॅट होतात. म्हणजे खोलीत सात इस्त्र्या एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं झालं. एक टनाचा एसी ताशी जेवढी उष्णता बाहेर काढतो, ती साडेतीन किलोवॅटच्या हिशेबानं मोजतात. म्हणजे दोन एसी नुसतं छतातून आलेलं ऊन निस्तरण्यात खर्ची पडतील. बाजूच्या काचांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

ओसरी रिकामी जागा नाही

आपण ओसरीला मोकळी पडलेली जागा समजतो, म्हणून ती बंद करताना फार विचार करत नाही. पण जुनं घर बांधणाऱ्यानं ती हौसेनं ठेवलेली नाही. ओसरी म्हणजे घराच्या मुख्य भिंतीवर धरलेली छत्री. ऊन आधी तिच्या छपरावर अडतं. आतली भिंत सावलीत राहते. भिंतीतल्या खिडक्या-दारांतून जी हवा आत जाते ती सावलीतून आलेली असते. संध्याकाळी अंगणात सडा टाकला की तीच हवा आणखी उतरते. रात्री घरातली गरम हवा ओसरीतून बाहेर पडते.

मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर बल्ल्यांवर कवेलू आणि समोर खोल ओसरी, ही आपल्या भागातल्या जुन्या घराची ठेवण. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९३६ पासून ज्या कुट्या उभ्या राहिल्या, त्यांतही हीच रीत आहे. माती, बांबू, कवेलू आणि सावलीची ओसरी. बापूकुटी पाहायला लोक भक्तीनं जातात. मी गवंड्यांना सांगतो, एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता जाऊन तिथं बसून या.

ओसरी काचेनं बंद केली की ही छत्री उलटी होते. जी जागा उष्णता अडवत होती, तीच उष्णता साठवू लागते आणि मागच्या खोल्यांच्या खिडक्या त्या साठ्यात उघडतात. नवी खोली एक मिळते, पण जुन्या दोन बिघडतात. हे लक्षात यायला एक उन्हाळा जावा लागतो, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

कूलर का लागेना?

गावातल्या एका घराचं उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही. घर साधारण चाळीस वर्षांपूर्वीचं, विटांचं, वर स्लॅब. समोर पश्चिमेला आठ फुटी ओसरी. घरच्यांनी डिसेंबरात ती ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद करून घेतली. हिवाळाभर सगळे खूश होते. घरातल्या आजी तिथंच बसून संत्री सोलायच्या, नातवंडं गोळा व्हायची. आजींची खाट ओसरीलगतच्या खोलीत होती.

मे उजाडला. दरवर्षीप्रमाणे खिडकीबाहेर स्टँडवर कूलर बसवला. पण खिडकीबाहेर आता बंद ओसरी होती. चार दिवसांत मुलाचा फोन आला. "साहेब, नवीन वाळा टाकला, मोटर बदलली, तरी आत गमत नाही जी. आईला तर धाप लागते."

मी गेलो तेव्हा भिंतींना हात लावला तर दमट लागत होत्या. कपाटातले कपडे सर्दावले होते. कूलरमध्ये काहीच बिघाड नव्हता.

कूलरचं काम समजून घेतलं पाहिजे. तो गार हवा बनवत नाही. कोरड्या हवेत पाणी मुरवतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, म्हणून हवा उतरते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी चव्वेचाळीस अंश तापमान आणि वीसेक टक्के आर्द्रता असली, तर चांगला कूलर ती हवा तिशीपर्यंत खाली आणतो. विदर्भातला गरीब माणूस उन्हाळा काढतो तो या कोरडेपणाच्या जोरावर. पण यासाठी दोन अटी आहेत. कूलरच्या पाठीला सतत बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे, आणि खोलीतली ओली झालेली हवा दुसऱ्या बाजूनं निघून गेली पाहिजे. त्या घरात कूलर बंद ओसरीतली हवा ओढत होता, खोलीत सोडत होता, आणि तीच हवा दारातून फिरून पुन्हा ओसरीत येत होती. भिजलेल्या टॉवेलनं अंग पुसण्यासारखं ते होतं. तापलेली आणि दमट, अशी दोन्ही बाजूंनी वाईट हवा आजींच्या वाट्याला आली होती.

ही गोष्ट नुसत्या गैरसोयीची नाही. दमट आणि गरम हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकणं हाच म्हाताऱ्या शरीराचा उष्णतेपासूनचा शेवटचा आधार असतो. उष्माघात फक्त उन्हात राबणाऱ्याला होतो असं आपण समजतो. बंद घरात, खाटेवर पडल्या पडल्याही तो होतो. ज्या खोलीची रात्रभर वाफ निघत नाही, तिथं म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं यांना पहिला धोका असतो.

उपाय सोपा होता. सरकत्या काचांतल्या चार काढून तिथं पूर्ण उघडणारी झडप बसवली. कूलर ओसरीच्या बाहेरच्या कडेला नेऊन त्याचं तोंड एका पत्र्याच्या नळीनं खिडकीशी जोडलं. मागच्या न्हाणीकडच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोका पाडला. पश्चिमेला बाहेरून तट्टे सोडले. आजींची खोली पुन्हा राहण्यासारखी झाली. पण हे आधीच केलं असतं, तर निम्म्या खर्चात झालं असतं.

तुमच्या ओसरीचं तोंड कुठं?

म्हणून काम सुरू करण्याआधी दिशा पाहा. सावनेर साधारण साडेएकवीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही तो अर्ध्या आकाशातच असतो, दक्षिणेला. तेव्हा तुमची सावली तुमच्या उंचीएवढी पडते.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. ओसरी दक्षिणमुखी असेल, तर काच लावायला ती सगळ्यात योग्य. वर दोन फुटांचा छज्जा असला की मेमधलं दुपारचं ऊन काचेला शिवतही नाही. आणि डिसेंबरात सात फूट उंचीच्या काचेतून तेच ऊन पाच फूट आत येतं. निसर्गच हिवाळ्यात पडदा उघडतो आणि उन्हाळ्यात लावतो. उत्तरमुखी ओसरीलाही काच चालते, कारण तिथं ऊन फारसं येत नाही, उजेड येतो. पूर्वेचं सकाळचं ऊन नऊ-दहापर्यंत सोसवतं. नंतर पडदा हवा.

खरी वैरी पश्चिम. मे महिन्यात दुपारी चार वाजता सूर्य इतका खाली येतो की दोन फुटी छज्जा जेमतेम दीड फूट सावली देतो, आणि पाच वाजता तीही निम्म्यावर येते. शिवाय हे ऊन येतं तेव्हा घर आधीच दिवसभर तापलेलं असतं. पश्चिमेची ओसरी काचेनं बंद करू नका, असंच मी सांगतो. तिथं विटांची जाळी घाला. केरळात लॉरी बेकर या वास्तुविशारदानं साध्या विटांच्या जाळीच्या भिंती घालून किती सुंदर आणि स्वस्त घरं बांधली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. जाळीतून वारा येतो, उजेड येतो, वानर येत नाही. आतून डासांची जाळी लावली की झालं. बाहेरून बुरडाकडचे तट्टे किंवा वाळ्याची ताटी सोडायला हूक ठेवा. नागपुरात उन्हाळ्यात जिकडेतिकडे दिसणारी हिरवी जाळीही चालते. मात्र ती काचेच्या आतून लावू नका. ऊन काचेबाहेरच अडवलं तर उपयोग. एकदा ते आत आलं की पडदा फक्त उजेड कमी करतो, उष्णता आतच राहते.

काच कुठलीही असो, पल्ले सरकते घेण्याऐवजी दारासारखे उघडणारे घ्या. सरकत्या खिडकीची निम्मी बाजू कायम बंद राहते. उघडणाऱ्या पल्ल्यात पूर्ण वाट मिळते. खाली, गुडघ्याच्या उंचीला, हवा येण्यासाठी जाळी ठेवा आणि वर छताला लागून झरोके ठेवा. गरम हवा वर जाते. तिला तिथंच बाहेर पडू दिलं की खालून थंड हवा आपोआप ओढली जाते. आणि मागच्या खोल्यांच्या ओसरीत उघडणाऱ्या खिडक्या काढून भिंत सलग करण्याचा मोह टाळा. त्या खिडक्या घराच्या नाकपुड्या आहेत.

छप्पर

पारदर्शक छत नको, हे वर सांगून झालं. उजेड हवाच असेल तर एखादा पारदर्शक पत्रा उत्तरेच्या बाजूला टाका. फायबरचे स्वस्त पत्रे काही वर्षांत पिवळे पडून ठिसूळ होतात आणि वैशाखातल्या गारपिटीत फुटतात.

टिनाचा पत्रा टिकाऊ, पण तो तापतो आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावर ती धग सोडतो. पत्रा टाकायचाच असेल तर त्याच्या खाली सहा-आठ इंच जागा सोडून तट्ट्यांचं किंवा फळ्यांचं आढं घाला आणि मधल्या पोकळीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवा. वरून पांढरा रंग द्या. २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर अहमदाबाद शहरानं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम हाती घेतलं. इतका साधा उपाय आहे. कवेलू वानरांमुळे परवडत नाहीत, ही तक्रार मला मान्य आहे. पण काढलेले कवेलू फेकू नका. पत्र्यावर ते पसरून बसवले की पत्रा सावलीत राहतो.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील, तर एक काळजी घ्या. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो. पत्रे आधी पाण्यानं भिजवा, तोडू नका, कापू नका, अख्खे उतरवा.

नवं आणि जुनं

आता जमिनीखालचं. सावनेरच्या आसपास बरीच जमीन काळी, कपाशीची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुनं घर त्या जमिनीवर चाळीस-पन्नास पावसाळे काढून स्थिरावलेलं असतं. त्याला लागून दोन फूट पायाची नवी भिंत बांधली, की पुढच्याच पावसाळ्यात ती वेगळी हलते आणि नेमकी सांध्यावर उभी भेग पडते. मिस्त्री ती सिमेंटनं बुजवतो, ती परत पडते. दोष मिस्त्रीचा नसतो, पायाचा असतो.

पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच ही पद्धत विकसित केली. आणि नवं बांधकाम जुन्या भिंतीला घट्ट जखडू नका. मध्ये अर्धा-पाऊण इंच सांधा ठेवून तो लवचिक सीलंटनं भरा. दोघांना आपापलं हलू द्या. नव्या छपराचा भार स्वतंत्र खांबांवर घ्या. मातीच्या भिंतीवर तर मुळीच टाकू नका. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याचीही घाई नको. आतली ओल कोंडते, भिंत आतून पोकळ होते आणि उधईला आयतं घर मिळतं. माती-चुन्याचाच गिलावा करा.

वरचा सांधाही तितकाच महत्त्वाचा. जुन्या वळचणीचं पाणी पूर्वी अंगणात पडत होतं. आता ते नव्या छपरावर पडणार. जुन्या भिंतीत खाच करून जस्ताच्या पत्र्याची पट्टी तिच्यात बसवा आणि ती नव्या पत्र्यावर वळवा. पत्र्याला दर सहा फुटांना फूटभर उतार द्या. खाली पन्हळ लावा. आपल्याकडे वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दोनशे चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला वीस हजार लिटर पाणी उतरतं. ते पायाशी सोडलं तर काळी माती फुगते. नळानं विहिरीकडे किंवा शोषखड्ड्याकडे नेलं तर उन्हाळ्यात उपयोगी पडतं. घराभोवती तीन फूट फरशीची पट्टी बाहेरच्या उतारानं घाला. आणि पत्रे हुकाच्या बोल्टांनी आवळा. त्यांच्यावर दगड-विटा ठेवून भागवू नका. एप्रिल-मेच्या वावटळीत पत्रा उडतो तेव्हा ते दगडही उडतात.

जिवाची काळजी

तीन गोष्टी न चुकता पाहा. पहिली, वीज. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्या भागात जीव जातात. महावितरण दरवर्षी त्याबद्दल आवाहन करतं. ओसरीला लोखंडी ग्रिल आणि ॲल्युमिनियमची चौकट बसवली की कूलरमधला बिघाड सबंध चौकटीत उतरू शकतो. वेगळी अर्थिंग करा, तीन पिनांचा प्लग वापरा, आणि तीस मिलिअँपिअरचं गळती रोखणारं यंत्र, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, ते बसवा. पाणी भरताना प्लग काढा.

दुसरी, शेगडी. आपल्याकडे हिवाळाही हलका नसतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा साडेतीन अंशांवर आला होता. अशा रात्री बंद ओसरीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळण्याआधीच तो गाठतो.

तिसरी, बाहेर पडण्याची वाट. ओसरीला चारी बाजूंनी ग्रिल ठोकून एकाच दाराला कुलूप लावलं, तर आग लागल्यावर चोराआधी घरचेच अडकतात. ग्रिलचा एक भाग आतून उघडणारा ठेवा आणि त्याची किल्ली कुठं टांगली आहे, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असू द्या.

परवानगीचा विषयही टाळू नका. उघडी ओसरी बंद झाली की ती खोली ठरते. बांधकामाचं क्षेत्र, रस्त्यापासूनचं आणि शेजाऱ्यापासूनचं अंतर यांचे नियम लागू होतात आणि मालमत्ता कराची आकारणीही बदलू शकते. राज्यात २०२० च्या डिसेंबरात, मुंबईसारखे काही अपवाद वगळून, बहुतेक शहरांसाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली आहे. नकाशा काढून आधी नगरपरिषदेत जाऊन विचारा. शेजाऱ्यालाही सांगा. तुमच्या पत्र्याचं पाणी त्याच्या भिंतीवर पडणार असेल, तर त्याचा तंटा पुढच्या पिढीपर्यंत चालतो.

शेवटी एक सल्ला देतो, आणि त्याला खर्च फारसा नाही. ओसरी बंद करायची ठरवलीत, तर एक वर्ष थांबा. या हिवाळ्यात जिथं काच हवी वाटते तिथं जाड प्लास्टिकचा कागद बांधून पाहा. उन्हाळा लागला की तो काढून तट्टे आणि हिरवी जाळी बांधा. कूलर कुठं लागतो, दुपारी तीन वाजता ऊन कुठवर येतं, रात्री वारा कुठून येतो, पहिल्या पावसात झड कुठवर शिरते, हे खडूनं फरशीवर आणि भिंतीवर लिहून ठेवा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याची खाट तिथं टाकून त्यालाच विचारा. वर्षभरानं मिस्त्रीला बोलावाल, तेव्हा काच कुठं, जाळी कुठं, झरोका कुठं, हे तुम्हालाच त्याला सांगता येईल. आणि ती खोली डिसेंबरात जेवढी आवडेल, तेवढीच मे महिन्यातही राहण्याजोगी असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)